पावसाळ्यात होडी शाकारायची कशाने? ताडपत्री, झाप की कॅनव्हास?

१ जून ते ३१ जुलै. हे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. महाराष्ट्रात बंद, गोव्यातही बंद. माशांच्या प्रजननाचा हा काळ आणि समुद्रही खवळलेला. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटी किनाऱ्यावर एकच लगबग दिसते. जाळी घरी न्यायची, इंजिन उतरवायचं, होडी भरतीच्या रेषेच्या वर ओढायची आणि शाकारायची.

शाकारणं हा शब्द आपण कौलारू घरासाठी वापरतो. कोकणात तो होडीसाठीही वापरतात आणि ते बरोबरच आहे. पावसाळ्याचे दोन महिने होडीलाही छप्पर लागतं.

पण छप्पर कशाचं घालायचं? बाजारातली निळी ताडपत्री स्वस्त मिळते. ट्रकवाल्यांची जाड ताडपत्री टिकाऊ म्हणतात. जुनी माणसं सांगतात, नारळाच्या झापांसारखं काही नाही. यातलं बरोबर कोण? आणि चुकीचं आच्छादन घातलं, तर होडीचं नेमकं काय बिघडतं?

आधी बघू, दोन महिन्यांत होडीवर पडतं तरी किती पाणी?

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे १ लिटर पाणी पडलं.

आता ३० फूट लांब आणि ८ फूट रुंद अशी एक होडी धरू. वरून पाहिलं तर तिचं क्षेत्रफळ साधारण २२ चौरस मीटर भरतं. कोकणात एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस ही काही आश्चर्याची गोष्ट नाही. तेवढ्या पावसात या होडीवर २२०० लिटर पाणी पडतं. म्हणजे सव्वादोन टनांच्या जवळपास वजन. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या हिशोबाने हाच आकडा २० टनांच्या पुढे जातो.

अर्थात होडीत एवढं पाणी साठत नाही, ते काठावरून ओसंडून जातं. पण होडी पाण्यात असताना तिला चहूबाजूंनी पाण्याचा आधार असतो. किनाऱ्यावर ती चार-दोन ओंडक्यांवर आणि बाजूच्या टेकूंवर उभी असते. आत पाणी साठलं की सगळा भार त्या मोजक्या जागांवर येतो. तिथेच लाकूड तडकतं, फायबरला भेग जाते.

म्हणून होडी झाकण्याचं पहिलं कारण साधं आहे: आत पाणी साठू द्यायचं नाही. पण हे एकच कारण नाही.

समुद्रात राहणाऱ्या होडीला पावसाचं कसलं भय?

हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. वर्षाचे दहा महिने जी होडी खाऱ्या पाण्यात असते, तिला पावसाने काय होणार?

गंमत इथेच आहे. लाकूड कुजवणारी बुरशी खाऱ्या पाण्यात फारशी वाढत नाही. मीठ तिला मानवत नाही. पावसाचं पाणी मात्र गोडं. ते फळ्यांच्या सांध्यांत, खिळ्यांच्या भोकांत, तळाच्या आडव्या लाकडांखाली जाऊन बसतं आणि तिथे बुरशीला हवं ते सगळं मिळतं. जुन्या लाकडी नौका पाहिल्या तर पाण्याखालचा भाग अनेकदा ठणठणीत असतो आणि कुजलेला असतो तो वरचा, पावसात भिजणारा भाग.

मग फायबरच्या होडीला भीती नाही का? आहे, फक्त वेगळी. फायबर स्वतः कुजत नाही. पण अनेक फायबर होड्यांच्या आत मजबुतीसाठी लाकडाच्या पट्ट्या किंवा प्लायवूड घातलेलं असतं. त्यावरच्या थराला बारीक चीर गेली आणि पाणी आत शिरलं, की लाकूड आतल्या आत मऊ होत जातं. बाहेरून पत्ता लागत नाही. शिवाय पाण्याशी सतत संपर्क राहिला तर फायबरच्या वरच्या चकचकीत थराखाली फोड येऊ शकतात. इथेही खाऱ्यापेक्षा गोडं पाणी जास्त त्रास देतं, कारण ते या थरातून आत जास्त जोराने ओढलं जातं.

उन्हाचंही बघावं लागतं. होडी मे महिन्यात वर ओढली जाते आणि पाऊस पडेपर्यंत कडक ऊन असतं. लाकडी फळ्या एकदम वाळल्या की आक्रसतात आणि सांध्यांतला कापूस आणि राळ सुटायला लागते. फायबरचा रंग उन्हाने विटतो, पृष्ठभाग भुकटीसारखा होतो. म्हणून पाऊस तोंडावर येईपर्यंत थांबण्यापेक्षा होडी ओढल्या ओढल्याच सावली करणं बरं.

मग सरळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून टाकली तर?

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. पाणी आत जायला नको म्हणून ताडपत्री होडीला अगदी घट्ट गुंडाळली जाते. खालपर्यंत ओढून, सगळीकडून बांधून. पाहणाऱ्याला वाटतं, काय पक्कं काम केलंय!

पण आतली ओल कुठे जाणार?

होडी कितीही कोरडी केली तरी लाकडात, तळाच्या कोपऱ्यांत, दोरखंडात थोडी ओल राहतेच. खालची वाळूही ओली असते. पावसाने उघडीप दिली आणि ऊन पडलं की ताडपत्रीखाली उकडायला लागतं. ओलीची वाफ होते. रात्री हवा गार होते आणि तीच वाफ ताडपत्रीच्या आतल्या बाजूला थेंब होऊन चिकटते. मग ते थेंब टपटप होडीत पडतात.

किती पाणी? ३५ अंश सेल्सियसची, वाफेने पूर्ण भरलेली एक घनमीटर हवा २५ अंशांपर्यंत गार झाली, तर त्यातून साधारण १६ ग्रॅम पाणी बाहेर पडतं. आच्छादनाखाली २० घनमीटर हवा असेल, तर एका रात्रीत सुमारे ३०० मिलिलिटर पाणी. बाहेर पावसाचा थेंब नसताना! दुसऱ्या दिवशी तेच पाणी पुन्हा वाफ होतं आणि रात्री पुन्हा पडतं. होडी आतल्या आत भिजत राहते.

यावर कोणी म्हणेल, पावसाळ्यात बाहेरची हवाही दमटच असते. मग वारा खेळवून असा काय फरक पडणार?

फरक पडतो आणि तो मोजता येतो. लाकूड भोवतालच्या हवेनुसार ओल धरतं. हवेतली आर्द्रता ८५ टक्के असेल तर लाकडातली ओल साधारण १७ ते १८ टक्क्यांवर स्थिरावते. आर्द्रता ९० टक्के असेल तर ती २० टक्क्यांच्या आसपास जाते. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली असेल तर ते कुजत नाही, असा लाकूडकामातला सर्वमान्य ठोकताळा आहे. कोकणातला पावसाळा या सीमारेषेवर असतो. थोडा वारा लागला की लाकूड कसंबसं अलीकडे राहतं. पण बंद ताडपत्रीखाली आर्द्रता १०० टक्क्यांना टेकते. तिथे लाकूड २८ ते ३० टक्क्यांपर्यंत ओल पिऊ शकतं आणि बुरशीला रान मोकळं मिळतं.

म्हणजे वाऱ्याने होडी खडखडीत वाळणार नाही. पण ती कुजायच्या रेषेपलीकडे जाणार नाही. पावसाळ्यात तेवढं पुरे.

कापडाच्या आधी सांगाडा

आता मुद्द्याचं. आच्छादनाला तीन कामं करायची असतात: पाणी ओघळून जाऊ देणं, ओल बाहेर जाऊ देणं आणि वाऱ्यात जागेवर राहणं. यातली पहिली दोन कामं कापडापेक्षा खालच्या सांगाड्यावर जास्त अवलंबून असतात.

ताडपत्री होडीवर सपाट पसरली तर ती मध्ये झोळते. तिथे पाणी साठतं. एक चौरस मीटरचं डबकं १० सेंटीमीटर खोल झालं तरी त्याचं वजन १०० किलो होतं. त्या वजनाने झोळ आणखी वाढतो, मग आणखी पाणी साठतं. शेवटी ताडपत्री फाटते किंवा आयलेट उपटून येतात आणि सगळं पाणी एकदम होडीत. अशा वेळी २५० जीएसएमची महागडी ताडपत्रीही कामाची नाही.

याला उपाय घराच्या छपरासारखाच आहे. होडीच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत मधोमध एक आढं टाकायचं. बांबू चालतो, सुपारीचा सोट चालतो. त्याला दर पाच-सहा फुटांवर खालून आधार द्यायचा. आढ्यापासून दोन्ही काठांकडे आडवे बांबू सोडायचे. झालं छप्पर.

उतार किती? ताडपत्रीसाठी किमान ३० अंश ठेवावा. ८ फूट रुंद होडीला आढं काठापेक्षा निदान अडीच फूट उंच हवं. झाप किंवा गवत वापरणार असाल तर उतार ४५ अंशांच्या जवळ, म्हणजे आढं सुमारे चार फूट उंच. कारण झापांतून पाणी अडत नाही, ते एका पानावरून दुसऱ्या पानावर घरंगळत खाली येतं. उतार कमी पडला की तेच पाणी आत झिरपतं.

ताडपत्री काठाच्या बाहेर फूटभर यावी, म्हणजे पागोळ्या होडीच्या बाहेर पडतील. पण ती जमिनीपर्यंत नेऊ नये. पुढची आणि मागची त्रिकोणी तोंडं उघडी ठेवावीत. पाऊस आत झोडपत असेल तर तिथे अर्धवट झाप लावावा. एका तोंडाने आलेला वारा दुसऱ्या तोंडाने बाहेर जायला हवा.

आता कापड: कोण कशासाठी बरं?

*नारळाचे झाप:* झावळ्या विणून केलेले झाप ही कोकणची जुनी पद्धत. गोव्याच्या किनाऱ्यावरही होड्यांवर अशी छपरं दिसतात. झापांखाली ओल कोंडत नाही, ऊन तापत नाही आणि मोसम संपला की ते चुलीत किंवा खतात जातात. तोटे दोन. दरवर्षी नवे करावे लागतात आणि ते विणणारे हात आता कमी झालेत. शिवाय एकटा झाप मोठ्या पावसात थोडं गळू देतो. त्यामुळे थर दाट हवेत.

*साधी निळी किंवा पिवळी ताडपत्री:* ही एचडीपीई प्लास्टिकच्या पट्ट्या विणून केलेली असते, दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा मुलामा असतो. हलकी, स्वस्त, कुठेही मिळणारी. पण पातळ ताडपत्री उन्हाने कडक होते, मग तिचे पापुद्रे सुटतात. एक मोसम निघाला तरी पुष्कळ. घेताना 'यूव्ही स्टॅबिलाइज्ड' आहे का ते विचारा. अशा ताडपत्रीसाठी आयएस ७९०३ हे भारतीय मानक आहे.

*ट्रकवर असते तशी पीव्हीसीची ताडपत्री:* जाड, जड आणि वाऱ्यात न फडफडणारी. नीट वापरली तर काही वर्षं टिकते. मात्र हिच्यातून हवा अजिबात जात नाही. त्यामुळे हिच्याखाली सांगाडा आणि उघडी तोंडं नसतील तर होडी सगळ्यात लवकर कुजते ती इथेच. वजन जास्त असल्याने बांबूही मजबूत लागतात.

*सुती कॅनव्हास:* पाणी अडवतो आणि वाफ थोडी बाहेर सोडतो, हा त्याचा मोठा गुण. पण त्यावर पाणीरोधक लेप नसेल तर पावसाळ्यात त्यालाच बुरशी येते. ओला घडी घालून ठेवला तर पुढच्या वर्षी हातात चिंध्या येतात.

*हिरवी शेडनेट:* ही फक्त सावलीसाठी. मे महिन्यात उपयोगी, पावसात नाही.

अनेक ठिकाणी यातले दोन प्रकार एकत्र करतात आणि ते शहाणपणाचं आहे. आत ताडपत्री, तिच्यावर झापांचा थर. ताडपत्री पाणी अडवते आणि झाप तिला उन्हापासून वाचवतात. वरून जुनं जाळं टाकून सगळं आवळलं की वारा झाप उडवत नाही.

जीएसएम खरा की खोटा, कसं ओळखायचं?

दुकानात ताडपत्री जीएसएमवर विकली जाते. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. आकडा जितका मोठा, तितकं कापड जाड. दोन महिन्यांच्या पावसासाठी २०० ते २५० जीएसएमच्या आसपासची एचडीपीई ताडपत्री बरी. ९० जीएसएमची ताडपत्री तात्पुरत्या कामासाठी असते.

पण पाकिटावर छापलेला आकडा खराच असेल असं नाही. तपासणं मात्र अगदी सोपं आहे. वजनकाटा मागा.

आपल्या ३० फुटी होडीला ३० अंशांच्या उतारासह साधारण १२ फूट रुंद आणि ३४ फूट लांब ताडपत्री लागेल. क्षेत्रफळ सुमारे ३८ चौरस मीटर. ती खरोखर २५० जीएसएमची असेल तर तिचं वजन साडेनऊ किलोच्या आसपास भरलं पाहिजे. काट्यावर सहा किलोच भरली तर ती १६० जीएसएमची आहे. भाव त्यानुसार करा.

वजनासोबत आणखी दोन गोष्टी बघा. काठाला आतून दोरी घालून दुमड शिवलेली किंवा चिकटवलेली आहे का? आणि आयलेट किती अंतरावर आहेत? तीन फुटांच्या आत असतील तर ओढ सगळीकडे वाटली जाते.

वाऱ्याचा जोर किती असतो?

पावसाळ्यात हवामान विभाग मच्छीमारांना इशारा देतो, तेव्हा ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेग हे आकडे नेहमी असतात. ताशी ६० किलोमीटरचा वारा समोरून आदळला, की एका चौरस मीटरवर साधारण १७ किलो वजनाइतका दाब येतो. आपल्या ताडपत्रीची एक बाजू १९ चौरस मीटर. म्हणजे त्या एका बाजूवर तीनशे किलोंहून जास्त रेटा.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की हा रेटा चौपट होतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता.  अशा वाऱ्यात कुठलीही ताडपत्री टिकेल याची खात्री देता येत नाही. वादळाचा इशारा असेल तर ताडपत्री काढून ठेवणंच बरं. होडी भिजलेली परवडते, उलटलेली नाही.

एरवीच्या वाऱ्यासाठी काही साध्या गोष्टी लक्षात ठेवाव्यात:

- ताडपत्रीची दोरी होडीच्या टेकूंना कधीही बांधू नये. वाऱ्याने ताडपत्री उचलली की ती टेकू ओढून काढते आणि होडी आडवी होते. दोरी होडीच्या खालून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्यावी किंवा जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना बांधावी.
- ताडपत्री सैल ठेवू नये. फडफडणारं कापड जिथे घासतं तिथे आधी होडीचा रंग जातो आणि मग कापड फाटतं.
- बांबूची टोकं, खिळे, लोखंडी कड्या यांच्यावर जुनं कापड किंवा सायकलची ट्यूब गुंडाळावी. ताडपत्रीला पहिलं भोक इथेच पडतं.
- वाळूच्या पिशव्या दोरीला लटकवल्या तर दोरी आपोआप ताणलेली राहते.

बर्फाच्या देशात काय करतात?

होडी काही महिने बाहेर उघड्यावर ठेवण्याचा प्रश्न फक्त कोकणाचा नाही. अमेरिका आणि कॅनडाच्या पंचसरोवरांभोवती किंवा स्वीडन-फिनलंडमध्ये हाच प्रश्न हिवाळ्यात येतो. तिथे पाणी गोठतं, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होड्या वर काढतात आणि वसंत ऋतूत पुन्हा पाण्यात सोडतात.

तिथला शत्रू बर्फ. पाऊस निदान ओघळून जातो, बर्फ जागेवर बसून राहतो. म्हणून तिथेही मधोमध आढं आणि तीव्र उतार हाच मुख्य नियम आहे. अमेरिकेत बऱ्याच होड्या पांढऱ्या किंवा निळ्या प्लास्टिकमध्ये गरम हवेने आवळून बंद करतात, याला श्रिंक रॅप म्हणतात. वरवर पाहिलं तर हे आपल्या घट्ट गुंडाळलेल्या ताडपत्रीसारखंच. पण जाणकार त्यातही मुद्दाम हवेची झडपं बसवतात आणि आत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवतात. कारण तेच: कोंडलेली ओल.

हे प्लास्टिक एकदाच वापरता येतं आणि दर वसंतात त्याचा ढीग होतो. म्हणून ज्यांना होडी अनेक वर्षं ठेवायची असते ते मापाने शिवलेलं ॲक्रिलिक किंवा पॉलिएस्टरचं कापड घेतात. ते महाग पडतं, पण त्यातून वाफ बाहेर जाते. हवामान उलट असूनही दोन्हीकडचं उत्तर जवळपास एकच निघतं: आधी सांगाडा, मग हवा आणि शेवटी कापड.

झाकून झालं, आता विसरलं तर चालेल?

नाही. आच्छादन घालण्याआधी आणि घातल्यानंतरही थोडं काम असतं.

झाकण्याआधी होडी गोड्या पाण्याने धुवून मीठ काढा आणि एक-दोन दिवस उघडी वाळवा. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे खारट राहिलेली होडी कधीच नीट वाळत नाही. लाकडी होडीला तेल द्यायचं असेल तर ते याच वेळी. काजूच्या टरफलाचं तेल कोकणात यासाठी पूर्वीपासून वापरलं जातं. होडीच्या तळाला बूच असेल तर काढून ठेवा आणि नाळ थोडी उंच करा, म्हणजे आत आलेलं पाणी मागून निघून जाईल. काढलेलं बूच मात्र सापडेल अशा जागी बांधा, ऑगस्टमध्ये ते बसवायचं विसरू नका. बॅटरी काढून घरी न्या.

नंतर आठवड्यातून एकदा आणि मोठ्या पावसानंतर लगेच फेरी मारा. ताडपत्रीत कुठे झोळ आलाय का, टेकूखालची वाळू वाहून गेलीय का, दोरी सैल झालीय का, एवढं पाहिलं तरी पुरे. जून-जुलैमधल्या मोठ्या उधाणाच्या भरतीला लाटा नेहमीच्या रेषेच्या वर येतात, त्या दिवशी तर नक्की जा.

ताडपत्रीच्या झोळात साठलेलं स्वच्छ पाणी आणखी एका कारणाने धोक्याचं आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. कोळीवाड्यात होड्या घरांना लागूनच असतात. त्यामुळे ताडपत्रीचा उतार हा फक्त होडीचा प्रश्न राहत नाही.

फाटलेल्या ताडपत्रीचंही तसंच. तिचे पापुद्रे वाऱ्याने वाळूत आणि तिथून समुद्रात जातात. तुटून आणखी बारीक होतात, पण नाहीसे होत नाहीत. ज्या समुद्रात मासा वाढावा म्हणून दोन महिने जाळी बाजूला ठेवली, त्यातच हे प्लास्टिक जातं. म्हणून दरवर्षी पातळ ताडपत्री घेऊन फेकण्यापेक्षा एकदा चांगली घेऊन, वाळवून, घडी घालून ठेवणं केव्हाही स्वस्त.

एवढा खटाटोप कशासाठी?

कारण ऑगस्ट. दोन महिने कमाई बंद असते, घरखर्च आणि कर्जाचे हप्ते मात्र चालू असतात. बंदी उठल्यावरचे पहिले आठवडे म्हणूनच मोलाचे. त्याच वेळी ताडपत्री काढल्यावर आत मऊ पडलेली फळी निघाली, तर होडी सुताराकडे जाते. आणि त्या दिवसांत सुताराकडे रांग असते. बाकीच्या होड्या समुद्रात आणि ही किनाऱ्यावर, अशी वेळ येते.

तेव्हा यंदा पैसे मोजकेच असतील आणि निवड करायची असेल, तर आधी बांबू घ्या, मग ताडपत्री. मजबूत आढ्यावर उताराने टाकलेली मध्यम ताडपत्री दोन महिने निभावून नेते. सपाट पसरलेली सगळ्यात महाग ताडपत्री मात्र पहिल्याच मोठ्या पावसात झोळते.

आणि घरात नारळाची झाडं असतील, तर मे महिन्यात पडलेल्या झावळ्या जाळू नका. त्या होडीवर कामाला येतील.